उस्तादांची सुकट

मशिदीच्या पडवीत आम्ही पोरं सगळी एकाच वेळी आपापला धडा मोठमोठ्यानं म्हणायचो. आपली चूक दुसऱ्याच्या आवाजात बुडून जाईल अशी प्रत्येकाची खात्री. ती कधी बुडायची नाही. उस्ताद डोळे मिटून बसलेले असले तरी नेमका चुकणाऱ्याचाच कान धरत. शेजारच्या पोशीर गावाकडे जाणारे शेतकरी बैल थांबवून विचारत, "आज लय जोर हाय रं, परीक्षा हाय काय?"

माझी खरोखरच होती. कुराणाचे तीस पारे, म्हणजे तीस भाग, वाचून संपले की घरी खतम साजरं व्हायचं. नवे कपडे, लाडू, साऱ्या आळीत मिरवणं. पण आमच्या गावाला उस्ताद टिकत नसत. निम्म्या वाटेवर गेलं की उस्ताद चालते व्हायचे. नवे यायचे, माझं वाचन ऐकून कपाळाला हात लावायचे, आणि मला उचलून पुन्हा अलिफवर, पहिल्या अक्षरावर, बसवायचे. असं दोनदा झालं. नाकातून शेंबूड गाळणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या ओळीत मी ताडमाड घोडी बसायची. अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

तिसरे उस्ताद पार उत्तरेकडचे, बोलायला मऊ. त्यांच्या हाताखाली मी अठ्ठाविसाव्या पाऱ्यावर पोचले होते. आणखी दोन पारे, की लाडू.

उस्तादांचं जेवण आळीपाळीनं घराघरांतून जायचं. डबा रिकामा आला की जेवण आवडलं, हा सगळ्या बायकांचा हिशेब. ते आले त्या दिवशी कुणीतरी तांदळाची भाकरी आणि सुकट पाठवली. डबा लख्ख धुऊन परत आला. दुसऱ्या घरानंही सुकट दिली, तोही डबा लख्ख. झालं! उस्तादांचा सुकटीवर जीव आहे, ही बातमी दुपारपर्यंत गावभर. मग रोज सुकट. कांद्यातली, कैरीतली, वांग्यातली, नुसती तव्यावर परतलेली. नेरळच्या बाजारातली चांगली सुकट आमच्याच गावात यायची.

उस्ताद मात्र दिवसेंदिवस वाळत चालले. जमातीतल्या म्हाताऱ्यांनी विचार करून निकाल दिला, "इथलं पाणी त्यांना मानवत नाय. अंगात ताकद नाय." उपाय काय? सुकट वाढवा.

एक दिवस ओढणी विसरले म्हणून मी परत मशिदीत गेले. विहिरीमागे उस्ताद उकिडवे बसले होते. समोर मशिदीची मांजर, दोघांच्या मध्ये आमचा डबा. उस्ताद भाकरी पाण्यात बुडवून खात होते आणि सुकट बोटानं मांजरीपुढं सारत होते. "खा लो बेटा," ते तिला म्हणाले, "एहसान तुम्हारा है।" मग मी दिसले. त्यांचा चेहरा उतरला. सुक्या मासळीचा वास सोसत नाही, पण कुणाच्या घरचं अन्न परत पाठवणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे त्यांनी मला हात जोडून सांगितलं. कुणाला सांगू नकोस म्हणाले. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात कळलं, उस्ताद ईदनंतर गावी निघणार. पुन्हा येणार नाहीत. चौथे उस्ताद येतील, कपाळाला हात लावतील, आणि मी लग्नाच्या पालखीतसुद्धा अलिफ-बे म्हणत बसेन!

तोंड शिवलेलं ठेवलं मी. उघडं पाडलं ते मांजरीनं. ती आता इतकी हुशार आणि इतकी लठ्ठ झाली होती, की ज्या घरची पाळी असेल त्या घराच्या उंबऱ्यावर सकाळपासूनच ठाण मांडायची. आमच्या पाळीला आईनं तिला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ही मशिदीची मांजर हितं कशाला आली गं?" आईनं असं पाहिलं की पोटातलं सगळं ओठांवर यायचं. आलं.

आई आधी भडकली. "माझी सुकट मांजरीनं खाल्ली? मेलं, तोंड नव्हतं सांगायला?" मग चूल तशीच सोडून पदर खोचून बाहेर पडली आणि घरोघर फिरून सुकट बंद करून आली. त्या दिवशी डब्यात डाळ, बटाट्याची भाजी आणि चपात्या गेल्या. आईला चपात्यांची सवय नव्हती, त्या चपात्यांनी भिंत बांधता आली असती. संध्याकाळी उस्ताद आमच्या दाराबाहेर उभे राहिले, मान खाली घालून. "बहन," म्हणाले. रडत होते. मांजर आमच्या दारात उपाशी ओरडत होती.

उस्ताद राहिले. माझं खतम झालं. मी लाडू वाटले, वाटण्यापेक्षा खाल्ले जास्त.

पाहुणे गेल्यावर मी आईला विचारलं, तू एवढी धावपळ का केलीस? कढई घासता घासता ती म्हणाली, "माझं उस्ताद पाचव्या पाऱ्यावर निघून गेलं. ते का गेलं, कुणी इचारलंच नाय. नंतर माझं लगीन झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं हात धुतले, पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. पाचवा पारा उघडला, बोट ओळीवर ठेवलं.

"जरा हळू शिकवा हां, उस्ताद," ती म्हणाली.