मिळाल्याची खूण

माझे वडील नौदलात होते असं सांगितलं की माणसं आधी हसतात. सास्तूरचा माणूस आणि समुद्र! आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला तरी अर्धं गाव गोळा होतं. पण वडिलांनी उभी नोकरी जहाजावर काढली, आणि तीही हात हलवण्याची. त्यांचं जहाज जवानांना आणि गाड्यांना किनाऱ्यावर उतरवायचं. जहाजाच्या पोटातून छोट्या बोटी सुटायच्या. त्यांना थांबा, वळा, आता या, हे वडील लाल-पिवळे बावटे हलवून सांगायचे. सरावात वायरलेस पुष्कळदा बंद ठेवत, आणि इंजिनाच्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नसे. हाताची एकेक ठेवण म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर. असा अक्षर-अक्षर जोडून शब्द जायचा.

शब्द पोचला की समोरच्यानं उजवा हात तिरका वर करायचा. ही मिळाल्याची खूण. ती आली नाही तर तोच शब्द पुन्हा द्यायचा, येईपर्यंत देत राहायचा.

"त्याला दिसलं असंल, असं धरून चालायचं न्हाय," वडील म्हणायचे. "बोटीत माणसं असतेत."

रजेवर आले की हा सगळा कारखाना ते शेतात मांडायचे. आमचं शेत ओढ्याच्या दोन्ही अंगांना आहे. या काठावरून त्या काठावर हाका मारण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी आईला बावट्यांची भाषा शिकवली. आई सातवी शिकलेली, अक्षरओळख पक्की. मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत बसवायचं, एवढंच होतं. दोन फडकी घेऊन ती ज्वारीच्या कडेला उभी राहायची आणि रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय वहिनी, पाखरं लई झालीत का औंदा?" आई लाजून फडकी खाली टाकायची. पलीकडे वडील मात्र तोच शब्द पुन्हा पुन्हा देत उन्हात ताटकळायचे. तिनं मिळाल्याची खूण केलेली नसायची ना!

"कळलं की मला! येतच होते न्हवं?" ती जवळ जाऊन चिडायची.

"तुला कळलं. मला कुठं कळलं?" असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

मला हा माणूस तेव्हा हट्टी वाटायचा. अजूनही वाटतो, पण आता मी त्या हट्टाला नमस्कार करते.

निवृत्तीनंतर ते सास्तूरलाच राहिले. सोयाबीन, दोन म्हशी आणि तोंडाचा अखंड पट्टा. एसटी स्टँडवर बोलायला लागले तर पारावर ऐकू यायचं. अशा माणसाच्या घशात गाठ निघाली आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचवायचा तर आवाज जाईल. वडील म्हणाले, "काढा." इतकं थोडं बोललेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायलेकी आयसीयूच्या काचेशी उभ्या होतो. आईच्या पिशवीत माझ्या वहिनीनं दिलेला डबा होता. तो तिनं आदल्या दिवसापासून उघडला नव्हता. आत पलंग उशाकडून उचललेला, वडिलांच्या गळ्यात नळी, डाव्या हाताला सलाईन. आणि उजवा हात सारखा हलत होता. सरळ वर, मग खाली तिरका, मग आडवा, पुन्हा खाली तिरका. जरा थांबून परत तेच.

नर्स बाहेर आली. बिचारी रात्रपाळीनं दमलेली होती. "आजोबा लई अस्वस्थ झालेत," ती म्हणाली. "नळी ओढली तर जिवावर बेतंल. हात बांधून ठेवावा लागंल." तिच्या हातात कापडी पट्टी होती. मलाही तेच बरोबर वाटलं.

"बांधू नका," आई म्हणाली. "बोलायलेत ते."

मी आईकडे बघितलं. ती काचेला नाक लावून ओठांत पुटपुटत होती. ए ते डी ही पहिली चार अक्षरं एकट्या उजव्या हातानं करता येतात, हे तिच्याकडूनच मला नंतर कळलं. तेवढ्या चारांत बसेल असा शब्द त्यांनी शोधला होता.

"डबा म्हणायलेत."

"त्यांना भूक लागलीय?"

"त्यांचा न्हाय गं. माझा." आणि ती रडायला लागली. रडत रडतच काचेतून मान हलवून सांगू लागली, "खाते, खाते हो, आता खाते." वडिलांचा हात थांबेना. उलट जोरानं हलायला लागला. गळ्यातली नळी हिसकली, तशी नर्स पट्टी घेऊन आत धावली. तिनं त्यांचं मनगट धरलंसुद्धा. आवाज तर गेलाच होता, आता तो हातही जाणार होता.

आईनं पिशवी खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले. एक पाऊल मागं सरकून ताठ उभी राहिली आणि उजवा हात तिरका वर केला.

वडील थांबले. नर्सच्या मुठीतलं त्यांचं मनगट सैल पडलं. नर्सनं एकदा त्यांच्याकडे, एकदा काचेबाहेर बघितलं आणि पट्टी खिशात घातली.

आई बाकावर बसली आणि तिनं डबा उघडला. शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी. शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, हात धुऊन आली आणि पुन्हा काचेसमोर उभी राहिली. येणारे-जाणारे बघत होते. या वेळी ती लाजली नाही. दोन्ही हात पसरून, एकेक अक्षर नीट तोलून तिनं शब्द दिला: जेवले.

मग ती तशीच वाट बघत उभी राहिली. वडिलांनी डोळे उघडले तसा तिनं तोच शब्द पुन्हा दिला, आणि त्यांनी उजवा हात हळूहळू तिरका वर नेला.