खारवलेला बर्फ

मी ल्यूज खेळत असे, असे सांगितले की समोरचा माणूस सभ्यपणे मान हलवतो आणि थोड्या वेळाने, संकोच लपवत, म्हणजे नेमके काय, असे विचारतो. मग मी सांगते: डोंगरउतारावर बर्फाची वळणावळणाची पन्हळ बांधलेली असते. तिच्यातून एका लहानशा घसरगाडीवर उताणे पडून, पाय पुढे करून खाली यायचे. गाडीला सुकाणू नसते, ब्रेक नसतो. पोटऱ्यांच्या दाबाने आणि खांद्याच्या किंचित हालचालीने वळणे घ्यायची. एवढे ऐकून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आणि तुम्ही राहता वसईला?"

प्रश्न रास्त आहे. वसईत मिठागरे आहेत, केळीच्या बागा आहेत, समुद्र आहे; बर्फ असतो तो मासळीच्या टोपलीत.

नव्वदचे दशक संपत आले होते. आम्ही वसई तालुक्यातच, नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात राहत होतो. वडील नोकरीतून निवृत्त झालेले, आई मूळची मालवणकडची, आणि मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी, तिशीला टेकलेली. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी उत्तम शिकवत असे. मुलांकडे वळले की आवाज खाली जाई. कोणाला नाही म्हणणे मला जमत नसे. दुसऱ्याच्या घरी चहात साखर जास्त पडली असेल तर मी तो कप संपवून, आग्रह झाला म्हणून, आणखी अर्धा घेत असे.

विद्यार्थिनींच्या सहलीबरोबर हिमाचलात गेले असताना तिथल्या डोंगरी रस्त्यावर चाके लावलेल्या ल्यूजगाड्यांचे शिबिर चालले होते. शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले होते. मुलींचे झाल्यावर त्यांनी एक गाडी माझ्यापुढे सरकवली आणि हिंदीत म्हणाले, "मॅडम, अब आप." नाही म्हणता न आल्यामुळे मी आडवी झाले. शिरस्त्राणाची काच खाली आली आणि एकदम लक्षात आले की आता माझा चेहरा कोणालाही दिसत नाही. या खेळात बोलायचे नसते, डोके उचलायचे नसते, कोणाकडे पाहायचे नसते. मला हवे होते ते सारे एका गाडीवर मिळाले. खाली पोचले तेव्हा मी मोठ्याने हसत होते, असे विद्यार्थिनींनी पुढे कित्येक दिवस सर्वांना सांगितले.

परतल्यावर मी आमच्याकडच्या एका नव्या, वाहतुकीला अजून न उघडलेल्या उड्डाणपुलाच्या उतारावर पहाटे सराव करू लागले. शेजारच्या गास गावाहून भाजी घेऊन निघालेली माणसे तिथून पायी जात. रस्त्यावर उताणी पडलेली बाई पाहून एकदा एक सायकलवाला घाबरून थांबला.

"ओ ताई! काय झालं? डाक्टरला बोलवू?"

"नको, मी बरी आहे," असे मी म्हणाले खरी, पण तोवर गाडी सुटली होती आणि त्याला ऐकू गेले असेल की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून तो मला पाहून नुसती घंटी वाजवीत असे.

हिमाचलातले तेच गृहस्थ माझे प्रशिक्षक झाले आणि दोन मोसमांत मी खऱ्या बर्फावर उतरायला शिकले. वळणे जमू लागली. अडले ते सुरुवातीला. सुरुवात बसून करायची असते: दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून स्वतःला पुढे झोकून द्यायचे, मग बोटांना खिळे असलेल्या हातमोज्यांनी बर्फाला तीनचार रेटे मारायचे आणि झटकन आडवे व्हायचे. माझे रेटे कधी डावा जोरात, कधी उजवा. गाडी तिरपी निघे आणि पहिल्याच वळणावर भिंतीला घासे. जपानमधल्या एका स्पर्धेसाठी माझे नाव गेले तेव्हा प्रशिक्षकांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की दोन्ही फेऱ्या न पडता पूर्ण झाल्या तरच पुढच्या मोसमात मला जागा ठेवता येईल. मागे तरुण मुली उभ्या आहेत. त्यांचे म्हणणे न्याय्य होते. पण इतक्या उशिरा हाती लागलेली ही एक गोष्ट सुटून जाणार, या विचाराने माझी झोप उडाली. रेट्यांचा सराव करायला बर्फ हवा होता, आणि स्पर्धेला अवघे काही महिने उरले होते.

वसईच्या कोळीवाड्यातली, पाचूबंदरची एक मावशी आमच्या दारी मासळी घेऊन येत असे. तिचे आणि आईचे भांडण हा आमच्या इमारतीतला रोजचा कार्यक्रम होता.

"कालचा बांगडा आहे हा. डोळे बघ त्याचे."

"बाय, तुमच्या मालवनात मासं डोळं मिटून झोपतात का? आज सकाळचा हाय!"

त्या दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या खिळ्यांच्या हातमोज्यांकडे तिचे लक्ष गेले. "ह्ये काय? मांजराची नखं?"

"हिचे आहेत," आई म्हणाली. "बर्फावर घसरायला जायचंय जपानला. आणि इथे बर्फ नाही म्हणून आठ दिवस धड जेवत नाही."

मावशीने टोपली खाली ठेवली. "बरफ नाय? आगो, माझ्या दिराचा बरफाचा कारखाना हाय बंदराला! तुला किती पायजे? ह्या घराएवढा देते."

मी नेहमीप्रमाणे "नको, नको, कशाला त्रास" असे म्हणत राहिले आणि संध्याकाळी आईने मला जवळजवळ ढकलत पाचूबंदरला पाठवले.

कारखान्यात साच्यांतून काढलेल्या लाद्या होड्यांसाठी फोडण्याआधी थोडा वेळ जमिनीवर पडून असत. तेवढा वेळ मावशीने माझ्यासाठी मागून घेतला होता. तिच्या दिराने आकड्याने ओढून लाद्यांच्या दोन समांतर ओळी लावल्या. मध्ये सिमेंटच्या जमिनीवर बेअरिंगची चाके लावलेली फळी. मी फळीवर बसून दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या बर्फाला रेटे मारीत पुढे जाई. पहिल्या दिवशी खिळे बर्फात कचकन रुतले, फळी सरळ धावली आणि मला आनंदाने रडू यायचे बाकी राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशी विक्री आटोपून मुद्दाम लवकर आली होती. मी पोचले तेव्हा ती लाद्यांवर मुठीमुठीने खडेमीठ पसरत होती, अगदी प्रेमाने, सुरमईच्या थरावर पसरावे तसे.

"तू येईस्तोवर पानी होऊन जाईल गो. मिठानं धरून राहातं."

मासळीच्या पेटीत, फोडलेल्या बर्फात मीठ घालतात ते बरोबरच आहे. त्याने थंडावा वाढतो. उघड्या लादीवर मात्र मीठ पडले की तिचा वरचा थर वितळतो. हे मी दरवर्षी वर्गात शिकवत असे. बर्फाचा वितळणांक मिठाने का उतरतो, यावर माझे टिपण मुलांमध्ये चांगले नावाजलेले होते. आणि तरीही, मावशीच्या ओल्या, लालसर झालेल्या हातांकडे पाहून माझ्या तोंडून एवढेच निघाले, "किती करता हो माझ्यासाठी."

झाले. त्यानंतर रोज मीठ पडू लागले. लाद्यांवर खड्डे पडत, वर पाण्याचा पातळ थर राही आणि खिळे त्यावरून नुसते सरकत. रोज मी ठरवून जाई की आज सांगायचे. रोज मावशी म्हणे, "आज जास्ती टाकलंय," आणि मी फळीवर बसे. हळूहळू माझ्या हातांनी स्वतःच काही मार्ग काढला. जोराने ओढून उपयोग नव्हता. बोटे उभी ठेवून आधी खिळा रुतवायचा, तो धरला की नाही हे जोखायचे आणि मगच रेटा द्यायचा, तोही आखूड. आणि दोन्ही हातांना सारखाच, कारण एक जरी सुटला तरी फळी फिरून माझे गुडघे लादीवर आपटत.

हिमाचलात सरावासाठी गेले तेव्हा कडक बर्फावर माझे ते जपून मारलेले रेटे पाहून प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. चिखलात हात घातल्यासारखे काय करता, असे त्यांनी विचारले. सरळ जाते हे मात्र त्यांनी मान्य केले. मिठाचे मी त्यांनाही सांगितले नाही.

जपानमध्ये पहिली फेरी कडक, निळसर बर्फावर झाली. माझी सुरुवात सर्वांत संथ होती, पण मी न पडता खाली पोचले. दुसऱ्या फेरीच्या सकाळी हवा अचानक ऊबदार झाली आणि बारीक पाऊस सुरू झाला. वर सुरुवातीच्या जागी बर्फाला पाणी सुटले. माझ्या आधीच्या मुलीचा उजवा हात निसटला, तिची गाडी तिरपी निघाली आणि पहिल्या वळणावर उलटली. ती उठून चालत बाहेर गेली तेव्हा सर्वांनी श्वास सोडला. प्रशिक्षकांनी वाकून माझ्या हातमोज्यांचे खिळे पुसले. मी खाली पाहिले. ओला, खड्डे पडलेला, वर पाण्याचा थर असलेला तो बर्फ मला इतका ओळखीचा वाटला की क्षणभर नाकाला पाचूबंदरच्या सुकटीचा वास आला.

दांड्या सोडल्या. रुतवले, जोखले, रेटा दिला. पुन्हा. पुन्हा. गाडी सरळ गेली. मी आडवी झाले, काचेवर पाण्याचे थेंब मागे पळू लागले आणि पुढचे सगळे माझ्या पोटऱ्यांना ठाऊक होते. खाली निकालफलकावर माझे नाव बरेच खाली होते. पण ते होते. प्रशिक्षकांनी दोन्ही हात वर केले. जागा राहिली होती.

आचोळ्याला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मावशी दारात उभी. आईने तिला आत बसवून पाणी दिले. त्या दिवशी मासळीबद्दल भांडण झाले नाही.

"पडली नाय ना?"

"नाही. पुढच्या वर्षीही जायचंय."

"मंग! माझ्या बरफावर शिकली ती."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि अखेर सगळे सांगून टाकले: मीठ, पाणी, सरकणारे खिळे, तिथला पाऊस. बोलताना आवाज खाली गेला, पण थांबला नाही. मावशी पदर तोंडाला लावून एवढी हसली की टोपलीवरचे गोणपाट सरकून खाली पडले.

"आगो बाय! पयल्याच दिशी बोलायचं नाय? माझं मीठ वाचलं असतं!" मग आईकडे वळून, "कालेजात शिकवते का गप बसते तुमची पोर?"

"तेच मी विचारते रोज," आई म्हणाली.

मोसम सुरू होण्याआधी मी पुन्हा पाचूबंदरला गेले. लाद्या लागल्या होत्या. मावशी मिठाची पिशवी घेऊन एका बाजूला उभी होती. या वेळी तिने हात घातला नव्हता.

"सांग आता तूच. टाकू का नको?"

"एक दिवस टाका," मी म्हणाले, "आणि एक दिवस नको."

"आज?"

"आज टाका."