नीळकंठ सरांचा व्याही

डोणगावच्या शाळेत नीळकंठ सर चित्रकला शिकवत. समोर माणूस बसवला तर हुबेहूब उतरवत, पण तोच माणूस दाराबाहेर जाऊन परत आला, की "कोण पाह्यजे?" म्हणून विचारत. चेहरा त्यांच्या डोक्यात टिकतच नसे. देवानं डोळे दिले, पण त्यामागचं कपाट द्यायचं विसरला, असं ते म्हणत. फक्त बायकोजवळ, शारदाबाईंजवळ म्हणत. चित्रकलेच्या मास्तरला माणसं ओळखू येत नाहीत, हे बाहेर सांगायचं कसं?

म्हणून सगळा संसार खुणांवर चाले. कुणाचा आवाज, कुणाची चाल, कुणाची टोपी. बाजारात "सर, ओळखलं का?" असं कुणी विचारलं, की सर ठासून म्हणत, "तुले नाही ओळखणार तं कोणाले?" आणि "घरचे काय म्हणतात?" म्हणून पुढची गाडी ढकलत. एकदा असंच एका बाईला त्यांनी "मालक बरे आहेत ना?" विचारलं. त्या मालकांच्या तेरवीला सर गेल्याच आठवड्यात जेवून आले होते. वर दोनदा जिलबी मागितली होती.

त्यांच्या मुलीचं, श्रद्धाचं लग्न साखरखेर्ड्याच्या देवेशशी ठरलं, तेव्हा सरांना धास्ती एकच होती: व्याही. रामराव त्यांना एकदाच भेटले होते, मुलगी बघायला आले तेव्हा. सरांनी तेव्हाच खूण पक्की करून ठेवली होती. पांढरी टोपी, चॉकलेटी जाकीट, जाड मिशी.

एका रविवारी रामराव लग्नाचं बोलायला येणार होते. सर मोटारसायकल घेऊन स्टँडवर गेले. एसटी थांबली, माणसं उतरली, आणि त्यात पांढरी टोपी, चॉकलेटी जाकीट, जाड मिशी! सरांचा जीव भांड्यात पडला.

"या या! तरास तं नाही झाला?"

"नाही बा. सर तुमीच ना? मले सांगतलं होतं, सर गाडी घेऊन येतीन."

"मीच. बसा."

घरी आल्यावर सरांनी पाहुण्यांना अंगणात खुर्ची दिली. पाहुणे काही बसेनात.

"पह्यले जागा दाखवा."

सरांना वाटलं, मांडवाची जागा. "इथं अंगणातच करू म्हणतो. थोडी लहान पडते."

"लहान जागेत बी होते. पण किती खोल जायची तयारी आहे?"

खर्चाबद्दल व्याही इतकं उघड विचारतील, असं सरांना वाटलं नव्हतं. ते हात जोडून म्हणाले, "तुमी म्हणान तितकं. एकुलती एक पोरगी आहे."

पोरीचा इथं काय संबंध, ते पाहुण्यांना कळलं नाही. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, तळहातावर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि अंगणात हळूहळू चालू लागले. यांच्या घराण्याची काही रीत असेल, असं समजून सरांनी चपला काढल्या आणि हात जोडून मागून चालू लागले. शेजारच्या शालूबाई भिंतीवरून बघत होत्या. सरांनी खुणेनंच त्यांना डोक्यावर पदर घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतलासुद्धा.

मोरीजवळ नारळ उभा राहिला. पाहुणे म्हणाले, "इथं मारा बोअर. पानी लागलं नाही तं पंजाबराव नाव लावनार नाही."

तेवढ्यात शारदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या.

"अहो, हे कोण?"

"कोण म्हणजे? व्याही!"

"हे व्याही? मंग फाटकात उभे आहेत, ते कोण?"

फाटकात एक उघड्या डोक्याचा, सफाचट मिशीचा माणूस घामाघूम उभा होता. ऊन म्हणून जाकीट काढलेलं, टोपी हातात. मिशी आदल्या दिवशीच न्हाव्यानं चुकून अर्धी उडवली, म्हणून पुरती गेली होती.

"सर," रामराव म्हणाले, "मी स्टँडवर तुमच्या पुढ्यातच उभा होतो. रामराम घातला. तुमी मले म्हणाले, 'जरा बाजूले सरका, माये पाहुणे येऊन राह्यले.' मले वाटलं, तुमाले हे लगनच नको असंन. परतच चाललो होतो मी, पण म्हटलं, एकदा घरी विचारून जाऊ."

पंजाबराव नारळ हातात घेऊन आळीपाळीनं दोघांकडं बघत होते. खिडकीत श्रद्धाचा चेहरा पांढराफटक पडला होता. थाप मारायला सरांनी तोंड उघडलं, पण चांगलीशी थाप सुचेना.

"मले चेहरे ओळखू येत नाहीत, रामरावजी," ते म्हणाले. "कोणाचेच. लहानपणापासून."

"असं कसं? मंग पोरीले कसं ओळखता?"

"आवाजावरून. चालीवरून. दुसऱ्याचं काय घेऊन बसले, मेहकरच्या कापडाच्या दुकानात समोरून एक माणूस आला. मी डावीकडं सरकलो, तं तो बी सरकला. उजवीकडं सरकलो, तिकडं बी तो. शेवटी म्हटलं, 'काका, तुमीच जा पह्यले.' दुकानदार म्हणाला, 'सर, तो आरसा आहे.'"

रामरावांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. "आन् त्याले काका काऊन म्हणाले?"

"म्हातारा दिसत होता हो!"

मग मात्र रामराव फाटकाला धरून हसले. पंजाबरावांनाही उलगडा झाला. गावातल्याच दुसऱ्या एका सरांच्या शेतात त्यांना पाणी बघायचं होतं. ते जायला निघाले, तर शारदाबाई म्हणाल्या, "बसा आता. पान वाढून राह्यले." तिघं एका पंगतीला बसले. लग्नाचं बोलणं झालं, आणि त्यात पंजाबरावांचं मत सगळ्यात ठाम होतं.

वैशाखात लग्न लागलं. व्याहीभेटीला वराकडचे सगळे एकसारखे गुलाबी फेटे बांधून समोर उभे. शारदाबाई मानाच्या साड्यांत अडकलेल्या. सरांनी हार उचलला, देवाचं नाव घेतलं आणि देवेशच्या मामाकडं निघाले.

"सर!" फेट्यांच्या गर्दीतून रामराव ओरडले. "इकडं! मी इकडं हाओ!"

सगळा मांडव हसला. नीळकंठ सरही हसले, आणि त्या आवाजाच्या रोखानं हार घेऊन वळले.