अंगणापुरती सिगारेट

पुस्तकं बांधण्यात तीस वर्षं घालवलेल्या त्या बाइंडरनं जन्मात कधी सिगारेटला हात लावला नव्हता. कागदाच्या धंद्यात काडी ओढायची नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. पण महिनोन्‌महिने झोप उडाली, शिवायला घेतलेली पानं आपल्याविषयीच कुजबुजतात असं वाटायला लागलं, तेव्हा धाकट्या बहिणीनं त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं.

वॉर्डाचं दार पाठीमागं बंद झालं आणि त्याची पाचावर धारण बसली. शेजारच्या खाटेवरचा धिप्पाड माणूस त्याच्याकडे एकटक बघत राहायचा. बाइंडर दोन दिवस भिंतीला पाठ लावून बसला.

अंगणाचं दार दिवसातून चारदाच उघडायचं, तेही सिगारेटवाल्यांसाठी. तिसऱ्या दिवशी एक जुना रुग्ण जवळ आला. सगळे त्याला मास्तर म्हणत.

"ओढता का?"

"नाही."

"मग शिका. इथं ओढणारेच तेवढे शहाणे. चारदा ऊन खातात!"

परिचारकानं पेटवून दिलेली पहिली सिगारेट त्यानं नुसती बोटांत धरली. दुसरी ओढली, तेव्हा ठसक्यानं जीव कासावीस झाला. पण त्या दहा मिनिटांत छातीतली धडधड थांबली होती. सात आठवड्यांनी तो घरी आला आणि मोकळीक मिळताच दिवसाला पंधरा लागायला लागल्या.

एका दुपारी दुकानात थोटूक कागदाच्या कातरणांत पडलं. भस्सकन जाळ उठला. त्यानं तो उघड्या तळहातांनी बडवून विझवला. हात पोळले, पण धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीची. 'धाकटीला कळलं तर परत तिथंच!'

बहिणीला हात दिसलेच.

"दादा, काय झालं? खरं सांग."

"मला परत पाठवणार नाहीस ना?"

"आधी डॉक्टरांकडे चल."

तो जीव मुठीत धरून त्याच मनोरुग्णालयात गेला. डॉक्टरांनी मलमपट्टी केली, म्हणाले, "सिगारेट एकदम सोडू नका. धुरामुळं तुमचं औषध अंगात कमी टिकतं. अचानक सोडलीत तर तेच औषध जास्त होईल. हळूहळू कमी करा, डोस मी बघतो."

"आणि दाखल?"

"सिगारेटीसाठी? छे हो!"

त्याचा विश्वास बसला नाही. आता तो दिवसाला तीन सिगारेटींवर आलाय, त्याही दुकानाबाहेर ओढतो. तपासणीच्या दिवशी मात्र अजूनही दोन सदरे पिशवीत भरूनच निघतो. घरी आल्यावर बहीण ते काढून परत कपाटात ठेवते.