थंडीचं गणित

मे महिन्यात आमच्या कॉलेजची भट्टी व्हायची. तेव्हा फिजिक्सच्या मॅडम डोक्यावर ओला रुमाल टाकून गोठवणाऱ्या थंडीचं गणित करत बसायच्या. स्टाफरूममधला एकुलता एक कूलर माझ्याकडे वळवायच्या. "घ्या सर. तुमच्या कवितेले गरम होत असन. गणिताले थोडी घाम येते?"

मी मराठीचा मास्तर. तरी त्यांनी मला समजावलंच. तांब्याच्या डबीत मोहरीएवढी चुंबकी गोळी ठेवायची, शेजारी मोठा चुंबक, आणि डबीतून अगदी क्षीण मायक्रोवेव्ह सोडायच्या. एका बाजूनं सोडल्या तर त्यांचे कण एकेक करून बाहेर पडतात, दुसऱ्या बाजूनं सोडल्या तर घोळक्यानं.

"त्याला थंडी कशाला?"

"उन्हात लय गोंगाट होते न सर. एकटा कण ऐकू येत नाई."

सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरच्या आहात तर पीएचडीचा प्रबंध सिमेंटवर लिहा, असं त्यांना कोणीही सुचवायचं. त्या फणकारायच्या, "काऊन? इथल्या पोरीनं सिमेंटच चाटाव काय?" अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालू नये.

पुढे दूरच्या एका प्रयोगशाळेनं त्यांचं गणित पडताळलं आणि निकाल नेमका उलटा आला. एकेकटे कण भलत्याच बाजूनं निघत होते. त्यांचे पीएचडीचे गाईड म्हणाले, चूक मान्य करा, प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाका. मॅडमनी सगळं पुन्हा तपासलं. "गणित बरोबर हाये. चुंबक उलटा लावला त्यायनं. मी जाऊन दाखवतो."

त्या तासिका तत्त्वावर होत्या, आणि परीक्षा तोंडावर. प्राचार्य म्हणाले, गेलात तर पुढच्या वर्षी तास मिळणार नाहीत. मी घाबरलो. म्हटलं, "मॅडम, थोडं नमतं घ्या."

"चूक माही असती तं पाया पडली असती सर. नसलेली कबूल करू काय?"

आणि गेल्या.

काही दिवसांनी फोन आला. "सर, होकायंत्र धरलं त्यायच्या चुंबकाजवळ. चुंबकावरची उत्तरेची खूणच उलटी! फिरवला, अन् गणितात होतं तसंच निघालं." मला फार आनंद झाला. प्रयोगशाळेवाले त्यांना तिथेच कामाला थांबा म्हणाले होते. इथल्या तासांचं मॅडमनी विचारलंसुद्धा नाही.

जूनमध्ये त्यांच्या जागी नवे सर आले. प्राचार्य आता पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात, "त्या आमच्याच मॅडम!"

मी शेजारी उभा असतो. दरवेळी पाहुण्यांदेखत म्हणतो, "तुम्ही काढलं होतं त्यांना, सर."