मेकॅनिकलची फी आणि टीपॉयची काच

आधीच सांगून टाकते, माझं मत बदललेलं नाही. खासगी कॉलेजातून घेतलेली मेकॅनिकलची पदवी हा तोट्याचा व्यवहार आहे. मी तो केलाय, म्हणून बोलते. वर्षाला जेवढी फी भरली, साधारण तेवढाच पहिल्या नोकरीत वर्षाचा पगार मिळाला. म्हणजे चार वर्षांचे पैसे वसूल व्हायला चार वर्षं काम करायचं, तेही न जेवता आणि बसचं तिकीट न काढता. नोकरी कुठली, तर अंधेरीच्या एका ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढायची. जे मशीनवर शिकले त्यातलं काहीही तिथे कुणाला नको होतं.

हे सगळं मी फीवाढीविरुद्ध लढणाऱ्या आमच्या संघटनेच्या पत्रकात लिहिलं आणि मुलुंडपासून अंधेरीपर्यंत कॉलेजांच्या गेटवर उभी राहून वाटलं. पालक थांबून वाचायचे, मान डोलवायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि आत जाऊन फी भरायचे.

पत्रक एका पानात मावायला लागतं. मागणी शेवटी, ठळक अक्षरात. 'मला तिथे मजा आली होती' हे वाक्य त्यात कुठेच बसत नाही. ते इथे लिहिते.

पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट्स असायच्या. भल्यामोठ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलने काढायच्या. वर्गातल्या एखाद्याने मन लावून काढायची आणि बाकीच्यांनी जीटी मारायची, अशी पद्धत. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खाली काच, काचेखाली पेटलेली ट्यूब, काचेवर त्याची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. मुंबईतल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, आधी हसेल आणि मग कुणाच्या घरी मारायचा ते सांगेल.

आमच्या बॅचचा अड्डा म्हणजे विक्रोळीचं आमचं घर. कारण आमच्याकडे टीपॉय होता, लाकडी चौकटीचा, वर सुटी काच. शनिवारी दुपारी पडदे ओढायचे, टीपॉयखाली ट्यूब सारायची आणि गुडघ्यांवर बसून रेघा ओढायच्या. वर्गात मुली जेमतेम, त्यामुळे येणारे बहुतेक मुलगेच. शेजारच्या काकूंना हे पचत नव्हतं. एकदा त्यांनी आईला जिन्यातच गाठलं.

"काय हो, भर दुपारी पडदे लावून काय चालतं तुमच्याकडे? एवढी पोरं वर गेलेली बघितली मी."

"अभ्यास करतात."

"अंधारात?"

"अंधार कुठे, टीपॉयखाली ट्यूब लावलीय ना."

काकू म्हणाल्या, "आमच्या पुतण्याने कॉमर्स केलं बाई. त्याला असलं काही लागलं नाही."

आईने आत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि आम्ही इतके हसलो की एकाची पेन्सिल शीटवर तिरकी गेली. आई पोह्यांची परात मधोमध ठेवायची. बोरिवलीहून येणारा एक उंच मुलगा होता, लांबून येतो म्हणून त्याला दुसऱ्यांदा वाढायची. त्याच मुलाने एकदा पूर्ण भार देऊन कोपर काचेवर टेकवलं आणि काच या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकली.

"वाट लागली," तो म्हणाला.

बाबा घाटकोपरला औषधांच्या एका गोदामात स्टोअरकीपर. त्या दिवशी नेमके लवकर आले होते. चपला काढता काढता त्यांनी पडदा सरकवला, काच बघितली. आम्ही सगळे गुडघ्यांवरच.

"काका, आम्ही भरून देतो."

"ते राहू दे. आधी शीट फाटली का ते बघ."

शीट फाटली नव्हती. पुढच्या शनिवारी टीपॉयवर नवी काच होती. पहिलीपेक्षा चांगली जाड, कडा घासून गोल केलेली. "पातळ मिळाली नाही," एवढंच बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पण पेपराआडून बघायचे. महिन्याभरात ते 'आयसोमेट्रिक' हा ड्रॉइंगमधला शब्द आमच्यापेक्षा जोरात म्हणत.

दुसरी आठवण वर्कशॉपची. खाकी ॲप्रन, आणि लेथवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हाची भीती. सर ओरडले, "केस घट्ट बांधा मॅडम, मशीन विचारून ओढत नाही." मग टूल लोखंडाला टेकलं आणि निळसर, गरम कीस वळ्या घेत बाहेर पडायला लागला. मशीनच्या तेलाचा वास दोन दिवस हाताला होता आणि मी मुद्दामच हात नीट धुतला नाही. लेथवर घडवलेला तो लोखंडी तुकडा घरी आणला. आई अजून त्याने आलं ठेचते, गंजू नये म्हणून खोबरेल लावून ठेवते. माझ्या पदवीचा रोज वापर करणारी आमच्या घरात ती एकटीच.

तर यंदा धाकटी बहीण बारावी झाली. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मवर ब्रँच आणि कॉलेजांचा क्रम लावायचा होता. लॅपटॉप त्याच टीपॉयवर. तिला मेकॅनिकलच हवं. सरकारी कॉलेज तिच्या मार्कांत बसत नव्हतं, बसत होतं ते माझंच कॉलेज. फी मात्र माझ्या वेळची राहिली नव्हती. आणि पैसे कुठले, तर माझी फी भरून उरलेला बाबांचा पीएफ, रिटायर झाल्यावर आईबाबांनी ज्यावर जगायचं तो. बाबा म्हणाले, "काढू." जसं काही कपाटातून चादर काढायची आहे.

मी माझं पत्रक काढून काचेवर ठेवलं. "हे वाचा आधी. मग काढा."

बाबांनी चष्मा लावला. ओळ न ओळ वाचली. मग आमच्या गावच्या बोलीत म्हणाले, "काय गो, ह्यात काचेचे पैसे खंय आसत?"

"कुठे म्हणजे? कुठली काच?"

"ही. हिच्यावर कोपर ठेवलंयस ती."

"बाबा, ती टीपॉयची काच आहे. ती कॉलेजच्या खर्चात कशी धरू?"

"टीपॉयला एवढी जाड काच कशाला लागते? पेपर आणि चहाचे कप ठेवायला? पोरांची कोपरं बघून घेतली मी ती." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "हिशेब बरोबर आहे तुझा. पण यात मी नुसता पैसे भरणारा. मजा मी पण केली की नाही?"

मला राग आला. बाबांचा नाही. कॉलेजवाल्यांना हेच तर पक्कं माहीत असतं. बाप हिशेब वाचून 'बरोबर आहे' म्हणतो आणि तरी पैसे काढतो. याच्यावर तर ते फी वाढवतात. मी हे सगळं आवाज चढवून बोलले, गेटवर बोलते तसं. आई आतून म्हणाली, "माईक देऊ का?"

धाकटीने लॅपटॉपवरून मान वर केली. "ताई, भाषण राहू दे. एकच सांग. तुला परत बारावीत नेऊन बसवलं तर मेकॅनिकल घेशील की नाही?"

पत्रकात याला उत्तर नव्हतं. खोटं बोलता आलं असतं, पीएफ वाचला असता.

"घेईन," मी म्हणाले. "पण फीचं पहिल्या दिवसापासून विचारेन. मी शेवटच्या वर्षाला तोंड उघडलं."

"मग तू ये ना माझ्याबरोबर पहिल्या दिवशी," ती म्हणाली आणि तिने माझं कॉलेज यादीत टाकलं.

गेल्या महिन्यात ॲडमिशनला आम्ही तिघं गेलो. काउंटरच्या खिडकीत मी बाबांचा चेक हातातच धरून ठेवला आणि म्हटलं, फीमधली ही 'इतर' रक्कम कशाची, ते एकेक लिहून द्या.

"मॅडम, असं कुणी मागत नाही."

"मी मागतेय."

"रांग आहे मागे."

"त्यांनाही हवं असेल. विचारू?"

खिडकीतला कारकून उठला आणि आत कुणालातरी विचारायला गेला. मागून कुणीतरी "चला ना यार" म्हणालं, कुणीतरी "थांबा, ती बरोबर विचारतेय" म्हणालं. तो कागद घेऊन परत आला, तोंड आंबट करून. तो बसायच्या आत बाबांनी माझ्या खांद्यावरून खिडकीत डोकं घातलं.

"अहो, पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट्स अजून हातानेच काढतात ना?"

कारकुनाला वाटलं, हाही आक्षेपच. "थोड्या हाताने काढतात," तो सावधपणे म्हणाला. "बाकीचं कॉम्प्युटरवर."

"थोड्या तर थोड्या," बाबा म्हणाले.

मी कागदावरची एकेक रक्कम तपासली आणि मगच चेक दिला.