कदमकाकांची मापं

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलेलं बहुतेक सगळं मी परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी विसरले. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे किस्से मात्र साठतच गेले. कर्वेनगरच्या टपरीवर आमच्यातलं कुणी भेटलं, की ते निघतातच. पूर्वी सांगताना हसू यायचं. आता मी चिडूनच सांगते. ऐकणारे हसतात ते हसोत!

प्रोजेक्ट होता हातानं फिरवायच्या तीनचाकीचा. टीममध्ये मी, सदाशिव पेठेतला ओजस आणि वाशीमचा वैभव. गाडी करायची होती कदमकाकांसाठी. त्यांचं नाव आमच्या गाइड सरांनीच सुचवलं. काका स्वारगेटच्या स्टँडबाहेर बॅगांच्या चेन दुरुस्त करतात. दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. घर पर्वतीच्या पायथ्याशी, चढावर. जुनी तीनचाकी तिथं चढत नाही. रोज संध्याकाळी चढाखाली थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला "जरा ढकला हो" म्हणावं लागतं.

"तेवढं म्हणायला लागू नये, बास." एवढीच त्यांची मागणी.

ओजसनं टेप काढला. काका हातातल्या बॅगेवरून मान वर न करता म्हणाले, "ठेवा तो आत. बैठक सोळा इंच. खांदा ते मूठ चोवीस. डावा हात अर्धा इंच आखूड. लिहा."

आम्ही गारच! ओजसनं रिपोर्टमध्ये लिहिलं, "युजर अत्यंत जागरूक."

* * *

डिझाइन दाखवायला गेलो, तर सर म्हणाले, "यात नवीन काय?"

"सर, चढ चढते."

"ते ठीक. ॲप कुठाय?"

"काकांकडे साधा फोन आहे, सर."

"काकांकडे असेल. परीक्षकांकडे नसतो!"

मग ॲप आलं. डोक्यावर सोलर पॅनलही आलं आणि त्याच्या वजनानं गाडी चढावर हलेना. शेवटी वैभवनं पॅनल दोन बोल्टवर बसवलं. सर आले की लावायचं, गेले की काढायचं. आमच्या सगळ्या प्रोजेक्टमधलं खरं डिझाइन काय ते तेवढंच, असं मला आजही वाटतं.

* * *

विद्यार्थ्यांनी वेल्डिंग मशीनला हात लावायचा नाही, हा वर्कशॉपचा नियम. गाडी विद्यार्थ्यांनीच बनवायची, हा स्पर्धेचा!

इन्स्ट्रक्टरनी जोडलेला पहिलाच सांधा निखळला. वैभवच्या वडिलांचं वाशीमला ग्रिल-दरवाजांचं दुकान आहे. तो वाकून बघत म्हणाला, "सर, हे तर नुसतं चिकटवलं तुम्ही. द्या बरं इकडं."

पंधरा दिवस खपून त्यानं एकट्यानं फ्रेम उभी केली. डोळे सुजून लाल झाले होते पोराचे. वर्कशॉपच्या वहीत नोंद झाली, "काम इन्स्ट्रक्टरांनी केले. विद्यार्थ्यांनी निरीक्षण केले."

* * *

ट्रायल कॉलेजच्या पार्किंगच्या रॅम्पवर. काका वर निघाले आणि आम्ही तिघं हात पुढे करून मागून पळायला लागलो.

"लांब व्हा!" काका ओरडले.

एकटे वर गेले. खाली आले, परत वर. सहा वेळा! मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. सहाव्यांदा वर पोचले तेव्हा वॉचमन म्हणाला, "अहो, हे स्टाफ पार्किंग आहे."

काकांनी त्याला हसून नमस्कार केला आणि सरांना विचारलं, "कधी नेऊ?"

"स्पर्धा होऊ द्या," सर म्हणाले.

* * *

स्पर्धेचा विषय होता 'सर्वांसाठी सुलभ'. हॉल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट पाहुण्यांसाठी राखीव.

गाडी आम्ही जिन्यानं उचलून नेली. काका म्हणाले, "मला उचलू नका." ते खालीच थांबले. वर ओजस पाय दुमडून गाडीत बसला.

परीक्षकांनी विचारलं, "प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं मत काय?"

"खाली बसलंय, सर," ओजस म्हणाला.

परीक्षक हसले. पहिला नंबर आला!

* * *

दुसऱ्या आठवड्यात गाडीवर कॉलेजचा नंबर रंगवला गेला. सर म्हणाले, "कॉलेजच्या सामानातून झालेली वस्तू बाहेर देता येत नाही."

"पण सर, काका..."

"त्यांना आपण सर्टिफिकेट देऊ ना!"

आम्ही अर्ज दिला. "विचार चालू आहे," असं उत्तर आलं. अजून चालूच आहे.

गाडी आम्हालाच स्टोअररूममध्ये ठेवायला लावली. दार उघडलं तर आत आधीच तीन तीनचाक्या उभ्या! एकीला छत्री, एकीला मोटर, एकीला नुसताच झेंडा. सगळ्यांवर बोटभर धूळ. ओजसनं टेप काढला आणि एकेक बैठक मोजली. सोळा. सोळा. सोळा. तिन्हींचा डावा दांडा अर्धा इंच आखूड.

 

* * *

काकांना सांगायला कुणी तयार होईना. शेवटी मी एकटीच स्वारगेटला गेले. तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "पहिला नंबर ना? पेढे कुठायत? आधीच्या तिन्ही बॅचनी आणले होते."

"काका, तुम्हाला माहीत होतं? मग आधी सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर बनवली असतीत?"

त्यांनी सामानाची पेटी बंद केली, जुन्या गाडीवर चढून बसले, निसटलेली साखळी चाकावर चढवली.

"चारांत चढली मात्र तुमचीच हो, ताई," ते म्हणाले. "चला, आलाच आहात तर चढापर्यंत या. जरा ढकला."